मुलांना म्युझियम दाखवायचंय? मग तीनच वस्तू बघा

भाग ऐकायला वेळ नाही म्हणून इथे वाचायला आलेल्यांचंही स्वागत. नेहमीप्रमाणे बोललेलंच लिहून काढलंय, फक्त मधले 'अं... अं...' आणि खालून ओरडत गेलेला भंगारवाला काढून टाकलाय.

आजचा विषय आहे लहान मुलांना मोठ्या म्युझियममध्ये कसं न्यायचं. तुमच्यातले अर्धे जण लगेच म्हणतील, "आम्हाला कुठे मुलं आहेत?" अहो, मलाही नाहीत. पण भाचरं आहेत ना! मे महिन्याची सुट्टी लागली की घरातल्या सगळ्या मोठ्यांना कामं असतात आणि पोरांना 'कुठेतरी फिरवून आण' ही जबाबदारी येते बिनलग्नाच्या मावशीवर, कॉलेजातल्या मामावर, नाहीतर नोकरी शोधणाऱ्या काकावर. म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

मी तीच दोन मुलं घेऊन एकाच म्युझियममध्ये दोनदा गेले. पहिल्यांदा पूर्ण वाट लागली. दुसऱ्यांदा मुलंच निघायला तयार नव्हती. मधल्या काळात म्युझियम तेच होतं, मुलंही तीच. बदलले ते मी काय करत होते एवढंच. ते काय, हे सांगते.

म्युझियम म्हणजे मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तू संग्रहालय. काळा घोड्याजवळचं, मोठ्या घुमटाचं. आपल्या आईबाबांच्या तोंडी अजूनही 'प्रिन्स ऑफ वेल्स'च असतं. मुलं माझ्या ताईची. भाची दहा वर्षांची, भाचा सहाचा. राहायला परळला. म्हणजे तेव्हा होती परळला. त्याकडे शेवटी येते.

पहिली फेरी: पैसे वसूल

पहिल्या वेळी माझा प्लॅन जोरदार होता. अकराला आत, दोनला बाहेर, सगळे मजले पूर्ण. तिकीट काढलंय तर सगळं बघायचं, पैसे वसूल! प्रत्येक वस्तूसमोर थांबून मी पाटी मोठ्याने वाचत होते. "हे बघा, सहावं शतक. हे बघा, अकरावं शतक." भाचीने अर्धा तास मुकाट ऐकलं आणि मग विचारलं, "मावशी, हे परीक्षेला आहे का?"

भाच्याची कथा वेगळी. पहिल्या दालनात त्याला पाणी हवं होतं, दुसऱ्यात शू लागली आणि चौथ्यात तो चक्क फरशीवर आडवा झाला. मी म्हटलं, "एवढ्या लांब आणलं तुम्हाला आणि हे काय!" तो रडत म्हणाला, "मला इथलं काहीच नको."

परत येताना ट्रेनमध्ये भाची खिडकीबाहेर बघत बोलली, "मावशी, हे सगळं मोठ्या लोकांचं असतं ना?"

मोठ्या लोकांचं म्हणजे वयाने मोठ्या की पैशाने मोठ्या, हे मी विचारलं नाही. पण मला ते लागलं, कारण हे वाक्य माझं होतं. मी सोलापूर जिल्ह्यातली. सहावीत आमची मुंबईची सहल याच म्युझियममध्ये आली होती. दोन-दोनची रांग, बाईंची शिट्टी, "हात लावू नका, पुढे चला, पुढे चला." चाळीस मिनिटांत सगळं संपलं. त्यातलं मला आज काय आठवतं? थंड पाण्याची टाकी! पुढे कितीतरी वर्षं माझं ठाम मत होतं की म्युझियम ही आपल्यासारख्यांची जागा नाही. आणि आता मीच, शिट्टी न वाजवता, खूप प्रेमाने, भाचीला तेच शिकवून परत आणलं होतं.

पाय का दुखतात?

घरी येऊन वाचायला लागले, तेव्हा कळलं की या थकव्याला नाव आहे. 'म्युझियम फटीग', म्हणजे म्युझियमचा थकवा. १९१६ साली अमेरिकेत बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी यावर लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला वस्तू बघायला लावल्या आणि बघताना त्याचे फोटो काढले. फोटोत तो माणूस वाकलाय, उकिडवा बसलाय, मान वाकडी करून काचेत डोकावतोय. गिलमन यांचं म्हणणं साधं होतं: वस्तू फार खाली, फार वर, फार गर्दीत मांडल्या, तर बघणाऱ्याचं अंग मोडून जातं. म्हणजे दोष बघणाऱ्याच्या आवडीत असतोच असं नाही.

आता हेच सहा वर्षांच्या मुलाला लावा. त्याची उंची असते साधारण पावणेचार फूट. कपाटं आणि पाट्या मांडलेल्या असतात मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. खरं सांगते, दुसऱ्या वेळी मी मुद्दाम गुडघ्यावर बसून बघितलं. मला काय दिसलं? काचेवरचा दिव्याचा उजेड, लोकांच्या पाठी आणि एका टेबलाची खालची बाजू.

दुसरं कारण चालण्याचं. सरळ दोन किलोमीटर चालायला मुलं दमत नाहीत. पण दोन पावलं चाल, थांब, दोन पावलं चाल, थांब, याने दमतात. लहानपणी आईबरोबर लग्नाच्या साड्या घ्यायला गेला असाल तर वेगळं सांगायला नको.

आणि तिसरं कारण डोक्याचं. प्रत्येक नवी वस्तू म्हणजे नवं कोडं. हे काय आहे, कशासाठी आहे, कोणी केलं? दहा कोडी मजेची असतात. तिसाव्या कोड्याला माणूस नुसता बघतो, त्याला दिसत काहीच नाही. पंगतीत दहावी जिलबी वाढल्यावर होतं तसं.

तीन वस्तू, एक तास

म्हणून दुसऱ्या वेळी मी नियम केला: तीनच वस्तू बघायच्या. एक मी निवडणार, एक भाची, एक भाचा. वेळ एक तास, फार तर दीड. कंटाळा आला की 'पुढे' म्हणायचं, कोणी रागावणार नाही.

निघायच्या आधीची तयारीही बदलली. आधी पोटभर वडापाव, मग आत. आत गेल्यावर सगळ्यात पहिलं दालन म्हणजे स्वच्छतागृह. पाठीवर मोठी बॅग नाही, कारण ती बाहेर ठेवायला लावतात आणि पाण्याची बाटली नेमकी तिच्यातच राहते. वेळ आणि तिकिटाचे दर म्युझियमच्या वेबसाइटवर त्याच दिवशी बघून निघालो.

आणि आत शिरायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बाहेर उभं राहून इमारत बघितली. मुलांना इमारतीची गोष्ट सांगा, ती फुकट असते आणि भारी असते. पायाभरणी झाली ११ नोव्हेंबर १९०५ ला. ती केली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाने, जो पुढे राजा पाचवा जॉर्ज झाला. जुनं नाव त्यावरून. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडिया पण त्यांचंच. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि इथे झालं लष्करी इस्पितळ. म्युझियम म्हणून लोकांसाठी उघडलं थेट १० जानेवारी १९२२ ला.

"म्हणजे इथे इंजेक्शन द्यायचे?" भाच्याचे डोळे मोठे झाले. पहिल्या फेरीत मी शंभर पाट्या वाचल्या होत्या, त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

भिंतीत कुर्ल्याचा दगड आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "आपलं ट्रेनवालं कुर्ला?" हो, तेच. आणि घुमटाची कल्पना विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेली. ते सांगताना मलाच मजा वाटली, कारण आमच्या सोलापूरहून विजापूर जवळ, आणि गोलघुमटात टाळी वाजवून घुमणारा आवाज मी लहानपणी ऐकलेला. पण सहावीत, याच घुमटाखाली रांगेत उभी असताना, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली वस्तू: दहीहंडी आणि बँजो

माझी निवड होती एक शिल्प. शिल्पांच्या दालनापाशी शिवाचं एक भलंमोठं शिल्प आहे, माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच. मी पाटीकडे बघितलंच नाही. मुलांना एवढंच विचारलं, "काय दिसतंय?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. 'हे काय आहे?' असं विचारलं की मुलाला वाटतं एक बरोबर उत्तर आहे आणि ते आपल्याला येत नाही. 'काय दिसतंय?' याला चुकीचं उत्तरच नसतं.

भाच्याने माणसं मोजली. सहा. भाचीने पुन्हा मोजली. सात. मध्ये एकावर एक तीन, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकातून दुसरा निघाल्यासारखे. भाचा ओरडला, "दहीहंडी!" मग खाली बोट दाखवून, "आणि खाली बँजो!"

हसू नका. शिल्पाच्या पायाशी खरंच ठेंगणे गण बसलेत आणि त्यांच्या हातात वाद्यं आहेत. परळच्या पोराने थर बघितले आणि खाली वाजवणारे बघितले. कलेच्या पुस्तकात हेच जड शब्दांत लिहिलेलं असतं: एकातून एक उमलत वर चढणारी रचना आणि खाली वादक गण.

आणि मग त्याने एक गोष्ट केली. सँडल काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि हात जोडले. भाची म्हणाली, "वेड्या, हे म्युझियम आहे, देऊळ नाही!" त्याने हात तसेच ठेवून माझ्याकडे बघितलं. बरोबर कोण?

मी दोघांना घेऊन खाली बसले आणि गोष्ट सांगितली. हे जे समोर आहे ना, ती प्रतिकृती आहे. साचा काढून केलेली. खरी शिळा १९३१ साली सापडली, रस्त्याचं काम चालू असताना. अभ्यासक तिचा काळ पाचवं-सहावं शतक मानतात, म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षं. आणि सापडली कुठे? परळला. आता कुठे आहे? परळच्याच बारादेवीच्या देवळात. तिची आजही पूजा होते.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "थांब. म्हणजे नकली इथे आहे आणि खरी आमच्याकडे?"

हो.

"एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये नकली, आणि खरी आमच्याकडे?"

तिला हे तीनदा विचारायचं होतं. मी तीनदा हो म्हटलं.

या मुलांचे पणजोबा गिरणीत होते. परळचा इतिहास म्हणजे गिरण्या, भोंगा, संप आणि आता टॉवर, असंच घरात बोललं जातं. त्याच्या मागे काही असेल असं कोणाला वाटत नाही. पण त्याच काळाच्या आसपास समोरच्या समुद्रात घारापुरीची लेणी कोरली जात होती. घारापुरीचा एक ब्रह्मदेव या म्युझियममध्येच आहे, तोही सहाव्या शतकातला. म्हणजे मुंबई नावाचं शहर नव्हतं तेव्हाही इथे कोणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन बसलं होतं, आणि त्याचं काम कच्चं नव्हतं.

राहिला प्रश्न नमस्काराचा. मी भाच्याला म्हटलं, "तू पण बरोबर, ताई पण बरोबर. इथे बघायला ठेवलंय, तिकडे पूजेला. मनात आलं तर इथेही नमस्कार कर. फक्त हात लावायचा नाही."

हात का लावायचा नाही?

मग अर्थातच, "का?"

'नियम आहे' हे उत्तर देऊ नका. खरं कारण मुलांना कळतं. भाचीच्या हातात माझा फोन होता. मी स्क्रीन बंद केली आणि उजेडात तिरपी धरली. बोटांचे ठसे! सकाळीच पुसला होता. आपल्या हाताला घाम असतो, तेल असतो, मीठ असतं. एका माणसाच्या हाताने दगडाला काही होत नाही. पण लाखो माणसांच्या हाताने होतं. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर भाविक पिढ्यानपिढ्या हात आणि डोकं टेकत आलेत. त्या स्पर्शाने मूर्तीची झीज होते, म्हणून तिला वेळोवेळी वज्रलेप करावा लागतो. देवळात तो स्पर्श हाच भक्तीचा भाग आहे, म्हणून झीज मान्य करून उपाय करतात. म्युझियमचं काम वेगळं. पुढच्या दीडशे वर्षांनी येणाऱ्या पोरालाही हीच वस्तू अशीच दिसली पाहिजे.

"म्हणजे आपण तिच्यासाठी हात लावत नाही?" भाचीने विचारलं. तिने ते पुढच्या पोराला एकदम मुलगीच करून टाकलं होतं. मी म्हटलं, हो, तिच्यासाठी.

दुसरी वस्तू: मापाचं चिलखत

भाच्याची निवड सांगायला नको. तलवारी! त्यातून तो येऊन थांबला अकबराच्या चिलखतापाशी. पोलादाचं, वर सोन्याचं नक्षीकाम, साल १५८१. मुलांना साल सांगून काही कळत नाही, ओळखीच्या गोष्टीशी जोडून द्यावं लागतं. मी म्हटलं, "शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. त्याच्या ४९ वर्षं आधीचं आहे हे." तेव्हा कुठे त्याने शीळ घातली.

इथे आम्ही एक खेळ केला. चिलखतासमोर ताठ उभं राहायचं आणि मापं घ्यायची. खांदे कुठपर्यंत? पोट कुठपर्यंत? तुला होईल का? मला होईल का? हे घालून खाली पडलेली वस्तू उचलता येईल का? भाच्याने तसं वाकून दाखवलं आणि जाहीर केलं, "शू लागली तर प्रॉब्लेम." हसायला आलं, पण वस्तू 'काचेतली' राहिली नाही ना! आत माणूस आला.

भाचीचा प्रश्न जास्त खोल होता. "लढाईला जायच्या कपड्यावर सोनं कशाला?" मी उलट तिलाच विचारलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "लांबून कळायला पाहिजे ना, राजा कोण आहे ते." वाद घालायला जागा आहे, पण हा वाद घालण्यासाठीच तर आपण गेलो होतो.

तिसरी वस्तू: अंधारातली चित्रं

भाचीने निवडली लघुचित्रं. वहीच्या पानाएवढी चित्रं, पण त्यात अख्खा राजवाडा, बाग, माणसं, पक्षी, पाऊस. पहिल्या फेरीत आम्ही यांच्यासमोरून दोन मिनिटांत निघून गेलो होतो.

तिचा पहिला प्रश्न: "इथे एवढा अंधार का? लाइट गेलेत का?"

घरात भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं की मागचा रंग गडद दिसतो, आठवतंय? कारण बाकीची भिंत उजेडाने फिकी पडली. कागदावरच्या रंगांचंही तसंच होतं. आणि उडालेला रंग परत येत नाही, रोज थोडा-थोडा उडतच राहतो. प्रकाश मोजायचं एकक आहे लक्स. भर उन्हात तो लाखापर्यंत जातो, ऑफिसात साधारण तीनशे ते पाचशे असतो. कागदावरच्या नाजूक चित्रांसाठी जगभरची म्युझियमं साधारण ५० लक्सच्या आसपास ठेवतात. म्हणून तिथे अंधार वाटतो, म्हणूनच फ्लॅश मारायचा नाही, आणि म्हणूनच अशी चित्रं कायम मांडून न ठेवता अधूनमधून आत ठेवून विश्रांती देतात. दोन मिनिटं थांबा, डोळ्यांना सवय होते आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागते.

आता लघुचित्रं बघायचा खेळ. जुन्या चित्रांत बऱ्याचदा एकच माणूस एकाच चित्रात दोन-तीनदा येतो. इथे घोड्यावरून येतोय, तिथे जिना चढतोय, पलीकडे राजासमोर बसलाय. कॉमिक्ससारखंच, फक्त मधल्या चौकटी काढलेल्या. मुलांना सांगा, "एकाच कपड्यांतला माणूस शोध." भाचीने दहा मिनिटं नाक काचेला लागेल इतक्या जवळून शोधलं, आणि मी मागे गप्प उभी राहिले. गप्प राहणं हे सगळ्यात अवघड काम आहे, पण ते जमवा.

मग मी तिला मेवाडच्या रामायणाची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात मेवाडच्या राणा जगतसिंहांनी एक सचित्र रामायण करवून घेतलं. पुढे त्या पोथीची ताटातूट झाली. बराच भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, काही भाग या म्युझियमकडे. २०१४ मध्ये दोन्हीकडच्यांनी मिळून ती पानं ऑनलाइन एकत्र आणली. म्हणजे जी पोथी प्रत्यक्षात एका ठिकाणी नाही, ती पडद्यावर तरी एकत्र आली.

"एकाच पुस्तकाची पानं वेगवेगळ्या घरी?" भाची म्हणाली. आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

वाघ मेलाय का?

तीन वस्तू झाल्या, पण प्राणी बघितल्याशिवाय कुठलंही मूल बाहेर येत नाही. तेव्हा बक्षीस म्हणून दहा मिनिटं तिकडे. हा विभाग उभा करायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाची मदत झाली होती. इथे येणारा प्रश्न ठरलेला: "हे मेलेत का?"

'झोपलेत' असं सांगू नका. खोटं पकडलं जातं आणि मग बाकी सगळ्यावरचा विश्वास उडतो. मी सांगितलं, कातडी खरी आहे, आत सांगाडा बनवून बसवलाय, डोळे काचेचे आहेत. भाचा म्हणाला, "म्हणजे अर्धा खरा." आज त्याला खरं-नकलीचा नादच लागला होता.

फोनबद्दल एक टीप. फोटोचा नियम आधी विचारून घ्या, आणि परवानगी असेल तर फोन मुलांच्या हातात द्या, पण प्रत्येकाला पाचच फोटो. पाचच म्हटलं की निवडावं लागतं आणि निवडायचं तर बघावं लागतं. भाच्याचे पाच फोटो सांगू? छत, सुरक्षारक्षकाची खुर्ची, चिलखत, वाघाचे दात आणि शिवासमोर नीट ठेवलेल्या स्वतःच्या सँडल.

ज्यांना अजून वेळ आहे त्यांच्यासाठी सांगते, त्याच आवारात २०१९ पासून खास मुलांचं म्युझियम आहे. आणि मुंबईपासून लांब असाल तर या म्युझियमची 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाची बस २०१५ पासून वस्तू घेऊन शाळांपर्यंत जाते. आपल्या गावच्या शाळेसाठी चौकशी करायला काय हरकत आहे?

परत येताना

परळला उतरल्यावर घरी जायच्या आधी मुलांनी मला बारादेवीच्या देवळाकडे ओढत नेलं. त्या दिवशी शिळेपर्यंत आत जाता आलं नाही. मला वाटलं, झालं, आता हिरमोड. पण भाच्याने रस्त्यावरच सँडल काढल्या, आणि या वेळी भाचीनेही. दोघं बंद दाराकडे बघत उभी राहिली. रोज शाळेत जाताना इथूनच जायची ती.

आता ते राहिलेलं सांगते. ताईची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती. पुढच्या महिन्यात खोली रिकामी करून सगळे भाड्याने बदलापूरला जाणार होते. नवी बिल्डिंग होईल तेव्हा होईल. मुलांसमोर कोणी यावर फार बोलत नव्हतं, त्यामुळे आम्हाला वाटायचं त्यांना फारसं काही कळत नाही.

देवळाकडून घरी चालताना भाचीने विचारलं, "आपली बिल्डिंग पाडली की ती कोणी म्युझियममध्ये ठेवेल का?"

मी म्हटलं, "अख्खी बिल्डिंग नाही ठेवत गं."

"मग काय ठेवतात?"

"जे उचलता येतं ते. आणि त्याच्याबद्दल लिहून ठेवतात. काय आहे, कुठे सापडलं, कधीचं आहे."

सामान बांधायच्या गडबडीत ताईने मला फोन केला. म्हणाली, "तुझ्यामुळे घरात नवीन ताप झालाय. दोघं काही टाकूच देत नाहीत." बदलापूरच्या घरी गेले तेव्हा बघितलं. बुटाच्या खोक्यात चार वस्तू होत्या. दाराच्या खोली नंबरची पत्र्याची पाटी. जिन्याच्या कठड्यातून निघालेला लाकडाचा तुकडा. पणजोबांचा गिरणीतला बिल्ला, जो ताईने भंगारात टाकायला काढला होता. आणि गॅलरीतल्या भिंतीचा एक पोपडा, ज्यात हिरव्याखाली निळा आणि निळ्याखाली पिवळा, असे तीन रंग दिसतात.

प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली, भाचीच्या अक्षरात. पाटीची चिठ्ठी अशी: 'दाराची पाटी. सापडली: परळ, दुसरा मजला. वापर: पोस्टमनला घर कळण्यासाठी.' त्याखाली भाच्याने वाकड्या अक्षरांत स्वतःची एक ओळ घातली होती: 'ही खरी आहे. हात लावू नये.'

मी लावला नाही.

तर मंडळी, या सुट्टीत कोणाला घेऊन जाताय ते कळवा, आणि त्यांनी निवडलेल्या तीन वस्तू कुठल्या तेही. पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा!